सोळा नट आणि एक 'हो'

"दौल्या, काढलेले बोल्ट मोजून डब्यात टाक. सोळा भरले पायजेत," बाबालाल मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

"आणि सतरा भरले तर?"

"तर एक तुझ्या डोक्यातला निखळला असंल."

टायरांच्या ढिगावर बसून चहा पिणाऱ्या शशिताईला ठसका लागला. गाडी तिची होती. पांढरी फियाट, चारी चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. शहाऐंशी सालचं नवरात्र, अष्टमीची दुपार आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं आमचं गॅरेज. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि मिस्त्रींच्या हाताखाली बारा वर्षं काढली होती. लेथवर माझा हात चांगला होता. तोंड हातापेक्षा चांगलं होतं. उद्यमनगरात मला दौलत लोहार म्हणून कुणी ओळखत नसे, दौल्या थापाड्या म्हटलं की गाढवसुद्धा आमच्या दारापर्यंत आणून सोडायचं. ही आपली एक थापच, पण थोडक्यात कल्पना यावी म्हणून सांगितली.

शशिकला सरनोबत म्हणजे लाकडाच्या वखारवाल्या सरनोबतांची थोरली लेक. वडील गेल्यावर वखार, दोन ट्रक आणि चाळीस माणसं ती एकटी हाकायची, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सकाळी, सोनखिंडीच्या घाटात गाडी पळवायची. अकरा किलोमीटरची चढण, दोन-दोन मिनिटांनी एकेक गाडी सोडायची, वर घड्याळ लावलेलं. या शर्यतीचा एक नेम होता, तो दुसरीकडे कुठं ऐकायला मिळणार नाही. खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेत बसतात, ती दसऱ्याच्या दुपारी पूजा हलवेपर्यंत उचलायची नाहीत. म्हणून घाटात कुणी पाना न्यायचा नाही. गाडी जशी पूजेतून उठली तशी पळवायची. वाटेत बिघडली तर बिघडली.

दोन वर्षं ताई दुसरी आली होती. मग गेल्या वर्षी पहिली यायची, तर सातव्या वळणावर चाक लटपटायला लागलं. या गाडीचं चाक बोल्टांवर असतं. चाकाच्या भोकातून बोल्ट घालायचा आणि मागच्या हबमध्ये पिळायचा. दर वेळी चाक काढलं, घातलं, की हबमधल्या आट्यांची, म्हणजे पिळाच्या खाचांची, झीज होते. वर्षानुवर्षं झिजून झिजून एका भोकात आट्या उरल्याच नव्हत्या. बोल्ट निघून दरीत गेला आणि ताई डोक्यावरचं हेल्मेट काखेत मारून सात वळणं चालत खाली आली.

"मिस्त्री," ती त्याच दिवशी म्हणाली होती, "पुढच्या दसऱ्याला मला हबवर खुंट्या पायजेत. शर्ट अडकवावा तसं चाक अडकलं पायजे."

म्हणून आता हबची भोकं एक नंबर मोठी करून मिस्त्रींनी नव्या आट्या पाडल्या होत्या, आणि मी लेथवर सोळा स्टड कातले होते. एक टोक जाड, ते हबमध्ये कायमचं रोवायचं. दुसरं बारीक, ते बाहेर राहणार. चाक त्या खुंट्यांवर टांगायचं आणि वरून नट. नटाचं तोंड निमुळतं असतं आणि चाकाच्या भोकाला तशीच उतरती कड असते. त्या कडेला आम्ही बैठक म्हणतो. नट बैठकीत नीट बसला, लोखंडाला लोखंड भिडलं, की चाक जागचं हलत नाही.

संध्याकाळपर्यंत सोळाही स्टड रोवून झाले. मिस्त्री हात धुताना म्हणाले, "चाकं रंगवून टाक. उद्या पूजेत गाडी उठून दिसली पायजे. आणि बैठकीत रंग जाऊ देऊ नकोस. ग्रीसचं बोट फिरव आधी."

"ते काय मला सांगायला पायजे व्हय, मिस्त्री?"

चंदेरी रंगाचा डबा घेऊन मी गॅरेजच्या दारात बसलो. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी उद्यमनगरात सगळे आपापली यंत्रं रंगवत असतात, त्यामुळे दोन मिनिटांत आजूबाजूचे चार-पाच जण जमले. "दौलू, ती चाकाची होऊन जाऊ दे," कुणीतरी म्हणालं.

चाकाची म्हणजे माझी सगळ्यात गाजलेली थाप. आंबोलीहून परत येताना जीपचं चाक निखळतं, जीपला मागं टाकून पुढं पळतं, आजऱ्याच्या नाक्यावर गाडी दिसेना म्हणून थोडं थांबतं, निपाणीला मोठ्या रस्त्याला लागताना दोन्हीकडे बघतं, आणि आम्ही तीन चाकांवर रखडत कोल्हापूर गाठतो तर हे आमच्या गॅरेजच्या दाराला टेकून उभं असतं. ही गोष्ट मी प्रत्येक वेळी निराळी सांगायचो. त्या दिवशी चाकाला कागलच्या चढावर एक म्हैस आडवी आली. म्हैस आणि चाक यांच्यात बोलणं सुरू झालं. लोक पोट धरून हसत होते, मी रंगात आलो होतो, ब्रश चालत होता. गोष्ट संपली तेव्हा चारी चाकांवर रंगाचे दोन हात मारून झाले होते. भोकांतसुद्धा. ग्रीसचा डबा झाकण न उघडता माझ्या मांडीशी तसाच पडून होता.

सकाळी लवकर येऊन खरवडू, असं मी ठरवलं.

मी लवकर आलो. पण मिस्त्री माझ्याही आधी आले होते. नवमीची पूजा वेळेत मांडायची म्हणून पहाटेपासून कामाला लागलेले. तीन चाकं टांगून नट लावून झाले होते आणि डावं पुढचं चाक हातात होतं. मिस्त्रींना चाळिशी लागून चार वर्षं झाली होती आणि चष्म्याला त्यांचा कडवा विरोध होता. चंदेरी रंग आणि कोरं लोखंड यांतला फरक त्यांना हातभर अंतरावरून दिसत नव्हता. मी दारातच थबकलो.

"दौल्या, बैठका कोऱ्या हाईत न्हवं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

पूजेचं ताट घेऊन मुमताजचाची, त्यांची बायको, मागं उभी होती. शशिताई हार घेऊन आली होती. नाही म्हटलं असतं तर बारा नट उघडून, चाकं उतरवून, सोळा बैठका खरवडायच्या होत्या, आणि कशामुळे ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

मिस्त्रींनी चौथं चाक टांगलं. लांब दांड्याचा पाना घेऊन एकेक नट अंगाचा भार टाकून कसला. मग उठून तो पाना पुसला आणि पूजेत ठेवला.

मिस्त्री शिकलगार. त्यांच्या वाडवडलांचं काम तलवारींना धार लावायचं. जुम्म्याची नमाज ते चुकवत नसत आणि खंडेनवमीही चुकवत नसत. आजोबांची धार लावायची सहाण मधोमध, तिच्या भोवती हातोडे, पाने, छिन्न्या, सगळ्यांवर हळद-कुंकू आणि झेंडू. एका वर्षी त्यांच्या धाकट्या भावानं नवमीला पूजेतला पाना उचलला होता आणि दिवाळीच्या आत त्याची दोन बोटं यंत्राच्या पट्ट्यात गेली होती. तेव्हापासून आमच्याकडं पूजेला कुणी बोट लावत नव्हतं.

"मिस्त्री, नव्या स्टडवर गाडी थोडी पळाली की नट परत कसायला लागतात म्हणं?" ताईनं विचारलं.

"रंग, गंज, कायतरी मधी असलं तर. कोऱ्या बैठकीवर मी कसलेला नट न्हाई हलत. तुम्ही बिनघोर जावा."

ताईनं चाकाखाली लिंबू चिरडलं आणि जोतिबाला जाऊन यायला निघाली. मी तिच्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाकडं, ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिलो. तोपर्यंत मला कुणीतरी दोनदा हाक मारली होती.

दुपारभर माझं जेवणात लक्ष नव्हतं. चार वाजता गाडी परत आली, ताई हसत उतरली. "लोण्यासारखी चालती!" म्हणाली. हार सरळ करतोय असं दाखवून मी चाकाशी वाकलो आणि नटांवर बोटं टेकवली. घट्ट होते. एकेक करत सोळाही बघितले. सगळे घट्ट. मला एवढं हलकं वाटलं की घरी जाताना जिलेबी घेऊन गेलो.

दसऱ्याच्या सकाळी सहाला मिस्त्री आणि ताई फियाटमधून घाटाकडं निघाले. मला त्यांनी मागं ठेवलं होतं, पूजेतला दिवा सांभाळायला. सातच्या सुमाराला उन्हाची तिरीप दारातून आत आली. रात्रभर गाडी जिथं उभी होती तिथं झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. झाडू घेऊन मी त्या गोळा करायला लागलो, आणि पाकळ्यांत काहीतरी चमकलं.

उकिडवा बसून बघितलं. नखाच्या कातरणीएवढी चंदेरी कड होती. तिथंच दुसरी होती. डाव्या पुढच्या चाकाच्या जागेवर पाच-सहा होत्या, उजव्या बाजूला दोन. मी एक उचलून चिमटीत धरली. नटाच्या तोंडाचा बाक तिच्यात जसाच्या तसा उतरला होता.

रंग चिरडून बाहेर पडत होता. रंगाच्या जागी आता पोकळी होती आणि त्या पोकळीवर नट बसले होते. काल संध्याकाळी घट्ट लागले ते काल संध्याकाळपुरतं होतं. त्यानंतर आता घाटापर्यंत अठ्ठावीस किलोमीटर रस्ता, आणि मग पहिल्या वळणापासून दरी.

मी पूजेसमोर जाऊन उभा राहिलो. पाना मधोमध होता, सहाणेला लागून, हळदीनं पिवळा झालेला. दुसरा पाना आणावा म्हटलं तर कुठून? त्या सकाळी अख्ख्या कोल्हापुरात एकही पाना मोकळा नव्हता. प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक कारखान्यात, फाउंड्रीत, सगळे पाने झेंडूखाली निजले होते.

"दौलू? काय करालायस?"

मुमताजचाची दिव्याला तेल घालायला आली होती.

"चाची, बैठकीत रंग राहिलाय. नट ढिले होत्यात. चाक निघंल."

चाची माझ्याकडं बघत होती. बारा वर्षांत तिनं माझ्या तोंडून विहिरीतला मासा, बोलकी म्हैस, लेथवर नाचणारा मुंगूस, सगळं ऐकलं होतं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मग खरं असणार," ती म्हणाली. "तू एवढं थोडं कधीच बोलत न्हाईस."

तिला काय माहीत, काल खोटं बोललो तेही मी एकाच शब्दात बोललो होतो.

मी हात पुढं केला आणि तो हवेतच राहिला. चाचीनं तेलाची वाटी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हातांनी पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. "मी उचललाय. जे व्हायचं ते मला होऊ दे. तू पळ."

मिस्त्रींची राजदूत फटफटी दारात होती, हार घातलेली, हँडलला लिंबू-मिरच्या. पाना शर्टाच्या आत पाठीशी खोवला आणि निघालो. अठ्ठावीस किलोमीटर. रस्त्याला सगळीकडं दसरा होता. लोक नवे कपडे घालून निघालेले, बैलांच्या शिंगांना रंग, दारात तोरणं. मी रस्त्याच्या कडेला बघत होतो. प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक शेतात, पांढरी गाडी उलटी पडलीय का ते. एका वळणावर खरंच एक चाक दिसलं आणि मी ब्रेक दाबला. बैलगाडीचं होतं. जुनं, झाडाला टेकवून ठेवलेलं.

थापेतलं चाक घरी पोचतं. खरं चाक कुठं जातं ते मी दोनदा बघितलं आहे आणि त्याची गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही.

सोनखिंडीच्या पायथ्याला पोचलो तेव्हा सहा नंबरची गाडी धूळ उडवत वर गेली होती. रेषेवर सात नंबर उभा होता. पांढरी फियाट. आत ताई, हेल्मेट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मिस्त्री काच पुसत होते. निशाण हातात घेऊन सुभेदार कणसे, फौजेतून निवृत्त झालेले, घड्याळाकडं बघत उभे. उद्यमनगरातली निम्मी माणसं दोरीपलीकडं जमली होती.

"थांबवा! चाक निघंल!" मी ओरडलो.

दोरीपलीकडून लगेच कुणीतरी उत्तर दिलं, "निघू दे की! आपल्या आधी घरी जाऊन बसंल!"

आणि सगळा घाट हसला. मी अजून ओरडत होतो आणि ते अजून हसत होते. "दौलू, या बारीला म्हैस कुठं भेटती?" "निपाणीला चहा पाजा रं चाकाला!" ताईसुद्धा काचेआड हसली आणि माझ्याकडं अंगठा दाखवला. माझी सगळ्यात चांगली गोष्ट माझ्याच अंगावर आली होती.

"दीड मिनिट," सुभेदार म्हणाले.

"सुभेदार, ऐका माझं—"

"बाजूला व्हा. रेषेवर कुणी यायचं न्हाई."

मी दोरीखालून गेलो, गाडीच्या पुढं गेलो, आणि बंपरला पाठ लावून मांडी घालून बसलो. हसणं अजून चालू होतं. त्यांना वाटलं गोष्टीचा हा नवा भाग आहे. ताईनं भोंगा वाजवला, माझ्या कानात.

मिस्त्री पुढं आले. "दौल्या, ऊठ. चेष्टेला वेळ असती."

"मिस्त्री, काल तुम्ही इचारलं, बैठका कोऱ्या हाईत का. मी हो म्हणालो."

"मग?"

"न्हवत्या. सोळाच्या सोळा रंगवल्यात. ग्रीस लावलंच न्हाई. चाकाची गोष्ट सांगत बसलो. सकाळी खरवडणार होतो, तर तुम्ही आधीच चाकं घातलेली."

मी पाठीशी खोवलेला पाना काढून समोर ठेवला. त्याच्यावरची हळद घामानं ओली होऊन माझ्या शर्टाला लागली होती. मिस्त्रींनी पाना बघितला, त्यावरचं कुंकू बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खाली मान घातली.

"हत्यार!" सुभेदार ओरडले. "रेषेवर हत्यार आणलंय. बाबालाल, हा पाना गाडीला लागला तर गाडी शर्यतीतून बाद. नेम ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय."

"पंचेचाळीस सेकंद."

मिस्त्री डाव्या पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसले. पाना त्यांनी घेतला नाही. वरच्या नटावर फक्त अंगठा आणि तर्जनी ठेवली, बाटलीचं झाकण उघडावं तशी.

नट फिरला.

तिसऱ्या फेऱ्याला तो त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलटा करून डोळ्यांजवळ धरला, मग डोळ्यांपासून लांब धरला, मग तोंडाच्या कडेवरून नख फिरवलं. नखावर चंदेरी भुकटी आली. दोरीपलीकडचं हसणं एकेक करत थांबलं.

दुसरा नटही बोटांनीच फिरला.

"उतरा, ताई," मिस्त्री म्हणाले.

"कसा की परत! पाना हाय की! बाद तर बाद, नुसतं वर जाऊन तरी येतो!"

"कसून उपयोग न्हाई. रंग आत हाय. परत चिरडंल. उतरा."

सुभेदारांनी निशाण खाली घेतलं आणि आठ नंबरला पुढं बोलावलं.

इथं मला सांगता आलं असतं, की गाडी बाजूला ढकलताना चाक निखळलं आणि सगळ्यांच्या देखत दरीत गेलं. एरवी मी तसंच सांगितलं असतं, मध्ये एक घारही घातली असती. तसं काही झालं नाही. चार माणसांनी गाडी हळूच ढकलून झाडाखाली लावली. चाक जागेवर होतं.

ताईनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. मला वाटलं कानाखाली देईल, आणि खरं सांगतो, दिली असती तर बरं वाटलं असतं.

"चार वर्षं, दौलू," ती म्हणाली. मग हेल्मेट काखेत मारत, "सातव्या वळणापर्यंत तरी पोचलो असतो का रं मी?"

"न्हाई, ताई."

तिनं मान हलवली आणि दरीच्या कडेला जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

परतताना राजदूतवर मिस्त्री माझ्या मागं बसले. अठ्ठावीस किलोमीटर पाना त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. गॅरेजात आल्यावर पूजेसमोर बसले. पाना उचललेल्या जागी हळदीत त्याची आकृती कोरी उरली होती. त्या आकृतीत त्यांनी तो बरोबर बसवला. चाची दारात उभी होती. "मी उचललाय," ती म्हणाली. ते "बरं केलंस" एवढंच म्हणाले.

मला काढून टाकणार याची मी वाट बघत होतो. संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना त्यांनी माझ्याही हातात पान ठेवलं, "सोनं घे," म्हणाले. मी म्हटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. त्याच आठवड्यात मिस्त्रींनी चष्मा केला.

काळ्या काड्यांचा, जाड भिंगांचा. चार वर्षं बायको मागं लागली होती, डॉक्टर मागं लागले होते, तेव्हा केला नव्हता. मी एखादं चाक बसवून बाजूला झालो, की ते खिशातून चष्मा काढत, वाकत, प्रत्येक नट बघत, पाना लावून बघत, आणि निघून जात. रागावले कधी नाहीत. मागचं कधी काढलं नाही. फक्त "केलंस का?" हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही. बारा वर्षं रोज दहादा विचारायचे. एखाद्या घरातलं घड्याळ बंद पडावं तसं झालं.

थापा मी मारतच होतो. मासा, मुंगूस, सगळं चालू होतं. चाकाची तेवढी कुणी मागितली नाही आणि मी सांगितली नाही. शशिताई गाडी दुसरीकडं न्यायला लागली. त्यानंतर दोनदा ती पहिली आली. एकदा फोटो छापून आला तो मिस्त्रींनी कापून भिंतीला लावला.

नऊ वर्षं गेली. पंच्याण्णवच्या अष्टमीला दारात एक निळी गाडी थांबली आणि शशिताई उतरली. केसांत पांढरं दिसत होतं, आवाज तोच होता.

"मिस्त्री, हिचेपण बोल्ट काढून स्टड घालायचेत. उद्याच्या आत. सोनखिंडीला न्यायची हाय." मग माझ्याकडं वळून, "काय रं थापाड्या, जिता हाईस अजून?"

मी सोळा स्टड कातले. चाकं रंगवली. रंगवायच्या आधी सोळाही बैठकांत ग्रीसचं बोट फिरवलं, रंग वाळल्यावर ते पुसून काढलं, रॉकेलच्या फडक्यानं धुतलं, आणि वर कोरं फडकं फिरवलं. फडकं काळं झालं नाही तेव्हा दुसरं घेऊन पुन्हा फिरवलं. त्या संध्याकाळी मी कुणाशी एक अक्षर बोललो नाही. बघायला जमलेले कंटाळून निघून गेले.

नवमीच्या सकाळी चाक टांगून मी बाजूला झालो आणि सवयीनं वाट बघत उभा राहिलो. मिस्त्री उठले. आता त्यांना उठताना गुडघ्यावर हात टेकवावा लागत होता. त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढला, सदऱ्याच्या कोपऱ्यानं पुसला. परत डोळ्यांवर चढवतील असं मला वाटलं. त्यांनी तो खिशात ठेवला.

"दौल्या, बैठका कोऱ्या हाईत न्हवं?"

गॅरेजात ताई होती, पूजेचं ताट घेतलेली चाची होती.

"हो, मिस्त्री."

त्यांनी लांब दांड्याचा पाना माझ्या हातात दिला. "मग कस," म्हणाले, आणि गाडीकडं पाठ करून स्टुलावर बसले. मी पहिला नट हातानं चढवला.

"आणि कसता कसता ती तुझी चाकाची सांग," मिस्त्री भिंतीकडं बघत म्हणाले. "लई दिवस झाले. तवा ते आजऱ्याच्या नाक्यावर थांबलं होतं. पोचलं का न्हाई घरी?"

मी पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. लोखंडाला लोखंड भिडल्याचं हाताला कळलं.

"पोचलं, मिस्त्री," मी म्हणालो. "वाटेत जरा उशीर झाला."